वाचकांचे प्रश्न : रोजच्या गर्दीत आनंद देणारी मोटारसायकल कशी निवडावी?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे. कामावर जाण्यासाठी दुचाकी हवीच आहे, पण ती केवळ नेआण करणारी नसावी, तिच्यावर बसल्यावर बरे वाटावे, अशी या वाचकांची इच्छा आहे. ही इच्छा रास्त आहे, आणि तिच्याकडे चैन म्हणून पाहण्याचे कारण नाही. जो माणूस दिवसाचे दोन तास खोगिरावर काढतो, त्याला ते दोन तास सुखाचे जावेत असे वाटणे स्वाभाविकच आहे. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण निवडीची मूळ तत्त्वे त्यातच येतात.

प्रश्न : मी 34 वर्षांचा असून कोथरूडला राहतो व खराडीला नोकरी करतो. कर्वे रस्ता, डेक्कन, संगम पूल, बंडगार्डन, येरवडा आणि पुढे नगर रस्ता असा 18 किलोमीटरचा मार्ग आहे. गर्दीच्या वेळी एका बाजूला 65 ते 75 मिनिटे लागतात. आठ वर्षे 110 सीसीची स्कूटर चालवली, आता मोटारसायकल घ्यायची आहे. रॉयल एनफिल्ड हंटर 350, ट्रायम्फ स्पीड 400 आणि टीव्हीएस अपाचे आरटीआर 160 4व्ही या तिन्हींत मन अडकले आहे. महिन्यातून दोनदा सिंहगड किंवा पानशेतकडे फिरायला जातो, कधी पत्नी डबलसीट असते. मित्र म्हणतात, घ्यायचीच तर मोठी घे. आपले मत काय?

उत्तर : आपण पत्रातच सर्वांत महत्त्वाचा आकडा दिला आहे. 18 किलोमीटरला 70 मिनिटे, म्हणजे सरासरी वेग ताशी साधारण 15 किलोमीटर. मधूनमधून रस्ता मोकळा मिळाला की आपण 50 पर्यंत जात असाल आणि लगेच पुढच्या सिग्नलला थांबत असाल. तेव्हा मोटारसायकलची मजा आपल्याला शून्य ते पन्नास या पट्ट्यातच मिळायला हवी. जी गाडी ताशी 80 च्या पुढे खुलते, ती कितीही उत्तम असली तरी सोमवार ते शुक्रवार तिचा आनंद आपल्या वाट्याला येणार नाही आणि तिची उष्णता, तिचे वजन व तिचा पेट्रोलचा खर्च मात्र रोज येईल. मोठी गाडी घेण्याचा मित्रांचा सल्ला मला याच कारणाने पटत नाही.

शून्य ते पन्नासमधली मजा तीन गोष्टींतून येते : गाडीचे वजन, कमी फेऱ्यांवर इंजिनाची ओढ, आणि क्लच व थ्रॉटल (म्हणजे वेगाची मूठ) यांचा मऊपणा. ज्यांनी आरएक्स 100 चालवली आहे त्यांना वजनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. 1985 साली भारतात आलेल्या त्या 98 सीसीच्या गाडीची शक्ती 11 अश्वशक्ती होती. आज 125 सीसीच्या साध्या गाड्याही तेवढी देतात. परंतु तिचे वजन जेमतेम 100 किलोच्या आसपास होते, आणि म्हणूनच मूठ जराशी पिळली की ती पुढे झेपावत असे. आजच्या गाड्यांत डिस्क ब्रेक, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), रुंद टायर आणि प्रदूषण नियंत्रणाची सामग्री आल्यामुळे वजने वाढली आहेत, आणि ती वाढ बहुतांशी योग्य कारणांसाठी झाली आहे. तरीही दोन गाड्यांतून एक निवडताना 20 ते 30 किलोंचा फरक किरकोळ समजू नये. थांबत थांबत, पाय टेकवत चालणाऱ्या रांगेत तो फरक संध्याकाळी गुडघ्यांना आणि मनगटांना जाणवतो. आणि कार्यालयाच्या तळघरातील वाहनतळातून गाडी उलटी ढकलत बाहेर काढताना तर फारच जाणवतो.

आता आपल्या तीन गाड्या पाहू. अपाचे 160 4व्हीची शक्ती साडेसतरा अश्वशक्ती आणि वजन सुमारे 145 किलो आहे. हंटरची शक्ती सुमारे 20 अश्वशक्ती आणि वजन 181 किलो. म्हणजे दर किलोमागे शक्ती मोजली तर, मोठ्या इंजिनाची हंटर अपाचेच्या किंचित मागेच पडते. स्पीड 400 ची शक्ती 40 अश्वशक्ती आणि वजन सुमारे 176 किलो असल्यामुळे ती या हिशेबात दोघींच्या खूप पुढे आहे. पण शहरासाठी एवढा हिशेब पुरेसा नाही, कारण कमाल शक्ती इंजिन किती फेऱ्यांवर देते हे त्यात दिसत नाही. हंटरचा 27 न्यूटन मीटरचा कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवणारी ओढ, मिनिटाला 4000 फेऱ्यांवरच मिळतो. स्पीड 400 चा साडेसदतीस न्यूटन मीटरचा टॉर्क 6500 फेऱ्यांवर, आणि अपाचेचा पावणेपंधरा न्यूटन मीटरचा टॉर्क 7250 फेऱ्यांवर मिळतो.

हंटरच्या सिलिंडरचा व्यास 72 मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास 85.8 मिलिमीटर आहे. प्रवास व्यासापेक्षा लांब असलेली अशी इंजिने साधारणपणे कमी फेऱ्यांवर जोरकस ओढतील अशीच जुळवलेली असतात, आणि त्यांचे फिरते भाग जड असल्यामुळे मूठ सोडली तरी ती पटकन दम टाकत नाहीत. डेक्कनच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये मूठ जवळजवळ न पिळता गाडी शांतपणे सरकत राहते, ती यामुळे. अपाचेचा स्वभाव वेगळा आहे. तिला फेरे चढवलेले आवडतात, गिअर वारंवार बदललेले आवडतात, आणि दोन बसमधल्या फटीतून ती फुलपाखरासारखी वळते. ज्याला गिअर टाकण्यातच मजा वाटते त्याला ती खूप आनंद देईल. ज्याला दिवसभराच्या कामानंतर डावा पाय आणि डावा हात कमीत कमी वापरायचा आहे, त्याला ती थकवेल.

आपण यादीत न घेतलेली एक गाडी मला येथे सुचवावीशी वाटते, ती म्हणजे टीव्हीएस रोनिन. जुलै 2022 मध्ये आलेल्या या गाडीचे इंजिन 225.9 सीसीचे, शक्ती सुमारे 20 अश्वशक्ती आणि वजन 160 किलो आहे. तिचा जवळजवळ 20 न्यूटन मीटरचा टॉर्क 3750 फेऱ्यांवर मिळतो. म्हणजे हंटरसारखी खालून येणारी ओढ आणि हंटरपेक्षा 20 किलो कमी वजन. तिच्यात क्लच सोडल्यावर मूठ न पिळताही गाडी रांगेत हळूहळू पुढे सरकू देणारी सोय आहे, आणि क्लच हलका आहे. रूपाबाबत मतभेद होऊ शकतात. काहींना ती ना धड क्रूझर ना धड रोडस्टर वाटते. परंतु आपल्या मार्गावर आठवड्याचे पाच दिवस काढायचे असतील, तर चारही गाड्यांत मी तिला प्रथम पसंती देईन आणि हंटरला दुसरी. हंटर घेतल्यास एप्रिल 2025 नंतरची घ्यावी, कारण तेव्हाच्या बदलांत तिला हलका क्लच आणि सुधारलेले मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर मिळाले. आधीच्या हंटरचे मागचे शॉक खड्ड्यांवर कडक लागत, ही तिच्याबद्दलची सर्वांत रास्त तक्रार होती.

स्पीड 400 बद्दल मला आदर आहे. ती आपल्याच चाकणला तयार होते, तिचे इंजिन गुळगुळीत आहे, आणि ताम्हिणी किंवा वरंधच्या घाटात ती जे देते ते बाकीच्या तिघी देऊ शकत नाहीत. पण ती आपल्या गरजेच्या दुप्पट आहे, आणि खर्चाचे गणितही तिच्या विरुद्ध जाते. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तर त्याहून मोठ्या इंजिनांवर तो 40 टक्के झाला. विम्याच्या तृतीय पक्ष (म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या) हप्त्यातही 150 आणि 350 सीसी या दोन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी ओलांडली की हप्ता जवळजवळ दुप्पट होतो. नव्या दुचाकीला हा विमा एकदम पाच वर्षांचा भरावा लागत असल्याने शोरूममधील पहिल्याच बिलात तो फरक दिसतो.

पेट्रोलचेही पाहू. रोज 36 किलोमीटर, महिन्याला 22 दिवस, म्हणजे वर्षाला साधारण 9500 किलोमीटर. पुण्याच्या गर्दीत 160 सीसीची गाडी लिटरला 44, रोनिन 38, हंटर 32 आणि स्पीड 400 सुमारे 26 किलोमीटर देते असे धरून चालावे. पेट्रोल लिटरला 104 रुपये धरले तर वर्षाचा खर्च अनुक्रमे साडेबावीस हजार, 26 हजार, 31 हजार आणि 38 हजारांच्या आसपास येतो. रोनिन आणि हंटर यांच्यातील पाच हजारांसाठी मन मारू नये, एवढा फरक हौसेखातर सोसता येतो. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांतील फरक मात्र दरवर्षी उत्तम हेल्मेट, रायडिंग जॅकेट आणि पावसाळी बूट घेण्याएवढा आहे.

आता चाचणीविषयी. शोरूमची चाचणी बहुधा दुपारी बाराला, मागच्या मोकळ्या गल्लीत, पाच मिनिटांची असते. त्यावरून काहीही कळत नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ मागून घ्यावी आणि शोरूमच्या माणसाला बरोबर घेऊन का होईना, पण खऱ्या गर्दीत निदान अर्धा तास गाडी चालवावी. तेथे चार गोष्टी तपासाव्यात. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 25 वर गाडी धक्के न देता चालते का, आणि तेथून मूठ पिळल्यावर निमूटपणे वेग घेते का? क्लच पन्नास वेळा दाबल्यावर तळहाताची काय अवस्था होते? हँडल पूर्ण वळवून दोन उभ्या मोटारींमधून निघताना आरसे कोणाला लागतात का? आणि इंजिन चालू ठेवून तीन-चार मिनिटे उभे राहिल्यावर उजव्या पोटरीला किती झळ लागते? ही शेवटची परीक्षा शक्तिमान, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी विशेष महत्त्वाची आहे. अशा इंजिनाला पाणी थंड ठेवते हे खरे, परंतु उभ्या गाडीत रेडिएटरचा पंखा सुरू झाला की ती सगळी उष्णता स्वाराच्या पायांवर येते, आणि एप्रिलमधल्या पुण्यात हे असह्य होऊ शकते.

पत्नीला चाचणीच्या वेळी मागे बसवावे, ही एक विनंती. मागची सीट केवढी आहे, धरायला दांडी आहे का, पायदाण किती उंच आहे, हे मागे बसणाऱ्यानेच ठरवायचे असते. चाचणी न घेता गाडी पसंत केल्यामुळे पुढे डबलसीटचा प्रवासच बंद झाला, अशी घरे मी पाहिली आहेत. साडी-गार्ड आणि मागच्या पायदाण्या कायद्याने आवश्यक आहेत. गाडी सुंदर दिसावी म्हणून ते काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये.

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवली येथे राहते आणि विक्रोळीला नोकरी करते. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. महाविद्यालयात असताना वडिलांची 100 सीसीची मोटारसायकल चालवत होते, त्यामुळे गिअर येतात. आता स्वतःच्या पैशाने मोटारसायकल घ्यायची आहे, पण घरचे आणि शोरूममधले, दोघेही स्कूटरच घ्या म्हणतात. पाय पुरत नाहीत हे कारण सांगतात. माझा हट्ट चुकीचा आहे का?

उत्तर : आपला हट्ट चुकीचा नाही. आपल्याला गिअर येतात, गाडी आवडते आणि पैसे आपले आहेत. तेव्हा स्कूटर घ्यायची की मोटारसायकल हा निर्णयही आपलाच. स्कूटर पावसात आणि सामान नेताना सोयीची असते, हे घरच्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामामुळे आणि पावसामुळे पडणारे खड्डे पाहता, 17 इंची चाकांची मोटारसायकल 10 किंवा 12 इंची चाकांच्या स्कूटरपेक्षा अधिक स्थिर राहते. मोठे चाक खड्ड्यात कमी खोल उतरते आणि सहज बाहेर येते. हा मुद्दा घरच्यांसमोर मांडण्यासारखा आहे.

उंचीबाबत दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली अशी की सीटची उंची हा एकच आकडा पाहून निर्णय करू नये. 790 मिलिमीटर उंचीची पण पुढच्या बाजूला अरुंद असलेली सीट, 770 मिलिमीटर उंचीच्या रुंद सीटपेक्षा जमिनीला जवळची वाटते, कारण रुंद सीटवर मांड्या फाकल्या जातात आणि पायाची लांबी तेथेच खर्ची पडते. त्यात आपण बसल्यावर आपल्या वजनाने मागचे शॉक किती दबतात हेही येते. म्हणून आकडे वाचून यादी करावी, पण निर्णय रोजचे बूट घालून प्रत्यक्ष बसल्यावरच करावा. दुसरी गोष्ट अशी की दोन्ही पाय पूर्ण टेकलेच पाहिजेत असा नियम नाही. सिग्नलला थांबताना कंबर किंचित डावीकडे सरकवून डावा पाय पूर्ण टेकवावा आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा. ही पद्धत उंच माणसांनीही शिकावी अशी आहे, कारण उतारावर किंवा चढावर गाडी सरकत नाही. मोकळ्या मैदानात दोन रविवार सकाळी याचा सराव केला की ती अंगवळणी पडते.

गाड्यांचे सांगायचे तर आपल्यासाठी वजन हे उंचीपेक्षाही महत्त्वाचे आहे. एका पायावर 180 किलोची गाडी किंचित कलली तर ती सावरणे कोणालाही कठीण जाते. 125 किलोची गाडी सावरता येते. टीव्हीएस रेडर 125 चे वजन 123 किलो आणि सीटची उंची 780 मिलिमीटर आहे, शक्ती 11 अश्वशक्तीच्या वर आहे, आणि ती खरोखर चपळ गाडी आहे. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ती आरामात ताशी 60-70 राखते. हीरो एक्स्ट्रीम 125आर थोडी उंच आणि जड आहे, तरी तिची एबीएस असलेली आवृत्ती मिळते, म्हणून तीही बसून पाहावी. एप्रिल 2019 पासून 125 सीसीहून मोठ्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झाले. त्याखालच्या गाड्यांना पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा पुरेशी मानली गेली. मुंबई-ठाण्याच्या पावसात, झाकणे आणि रंगवलेले पट्टे ओले असताना, पुढचे चाक घसरू न देणारे एबीएस ही मला सर्वांत मोलाची सुविधा वाटते. त्यासाठी पाच-सात हजार अधिक मोजावे लागले तर मोजावेत.

अगदी बुटकी गाडी हवी असेल तर बजाज अ‍ॅव्हेंजर आहे, तिची सीट 737 मिलिमीटरवर आहे. मात्र तिचे हँडल लांब, पाय पुढे आणि वजन 150 किलोच्या वर असल्यामुळे गर्दीत ती रेडरसारखी वळत नाही. तिचा आनंद सावकाश, मोकळ्या रस्त्याचा आहे. यामाहा एमटी-15 आपल्याला रूपाने भुरळ घालेल. ती 140 किलोच्या आसपासची, साडेअठरा अश्वशक्तीची आणि अतिशय चपळ गाडी आहे, पण सीट 810 मिलिमीटरवर आहे. सीट पुढे निमुळती असल्यामुळे काही बुटक्या स्वारांना ती जमते, तेव्हा बसून पाहायला हरकत नाही. सीटचा फोम कापून घेणे किंवा मागचा शॉक खाली आणणारी पट्टी बसवणे असे उपाय गॅरेजमध्ये सुचवले जातील. फोम थोडासा कापणे ठीक. पट्टी बसवू नये. त्याने गाडीचा मागचा भाग खाली येतो, वळण्याचा स्वभाव बदलतो आणि ठाण्यातील उंच गतिरोधकांवर इंजिनाचे पोट घासते.

नवी गाडी घेऊन मुंबईत हिंडण्याचा बेत असेल तर दुचाकींना बंदी असलेले रस्ते आधी माहीत करून घ्यावेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू आणि जे. जे. उड्डाणपूल येथे दुचाकी नेता येत नाही, आणि मोबाइलवरील नकाशा मोटारीच्या मार्गावर ठेवलेला असेल तर तो आपल्याला थेट तेथेच नेऊन सोडतो. पावसाबाबतही एक सूचना. गाडी चाकाच्या आसाच्या वर पाण्यात उभी राहून बंद पडली, तर ती पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर स्टार्टरचा एक झटका इंजिनाचे मोठे नुकसान करतो. ढकलत कोरड्या जागी न्यावी आणि मेकॅनिकला बोलवावे.

प्रश्न : मी 23 वर्षांचा असून चिंचवडहून चाकणला पाळीच्या नोकरीला जातो. मित्राची चार वर्षे वापरलेली केटीएम 390 ड्यूक नव्या 160 सीसीच्या किमतीत मिळते आहे. घ्यावी का? दुसरे वाहन घरी नाही.

उत्तर : दुसरे वाहन घरी नाही, या आपल्या वाक्यामुळे माझे उत्तर नाही असे आहे. 373 सीसीची, 43 अश्वशक्तीची ती गाडी चालवण्यातला आनंद मी नाकारत नाही. तिच्या वर्गात तिने एक पिढी घडवली. परंतु ती रोज वेळेवर कारखान्याच्या फाटकात पोहोचवणारे एकमेव साधन असू नये. किंमत नव्या 160 एवढी दिसते, पण खर्च 390 चाच राहतो. टायर रुंद आणि महाग, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेटचा संच, ब्रेक पॅड, रेडिएटर, सगळे त्या वर्गातले. नाशिक फाटा ते भोसरी आणि पुढे चाकणपर्यंतच्या अवजड वाहनांच्या रांगेत तिची उष्णताही सोसावी लागेल. शिवाय तेवीसाव्या वर्षी, रात्रपाळी संपवून पहाटे अर्धवट झोपेत घरी येताना, मूठ चुकून जास्त पिळली तर काय होते याचा विचार करावा. हे मी आपल्या कौशल्यावर शंका घेऊन लिहीत नाही. थकलेल्या माणसाला क्षमा करणारी गाडी हवी असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

तरीही मन मागे फिरत नसेल, तर गाडी थंड असताना पाहायला जावे. आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाची पहिल्या स्टार्टची अडचण लपून जाते. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे, मध्यावर ते अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) गेलेला आहे. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ, पायदाणाच्या टोकांवरील घासल्याच्या खुणा, चेसिसवर नव्याने मारलेला रंग, हे सर्व दिवसाउजेडी पाहावे. सायलेन्सर मूळचाच आहे ना हे पाहावे. मोठा आवाज करणाऱ्या सायलेन्सरबद्दल दंड होतो, आणि तो अयोग्यही नाही. रुग्णालयाजवळून किंवा रात्री वस्तीतून तशी गाडी नेणे हा इतरांवर अन्याय आहे. आरसी पुस्तकावर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागद मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत. गाडी आणि विमा दोन्ही आपल्या नावावर करून घ्यावेत. मित्राची गाडी आहे म्हणून हे काम लांबणीवर टाकले जाते आणि अपघात झाल्यावर दोघेही अडचणीत येतात. मित्राला विम्यात मिळणारी नो-क्लेम सवलत आपल्याला मिळत नाही, हेही हिशेबात धरावे.

आपल्या अंदाजपत्रकात नवीच गाडी घ्यायची असेल तर अपाचे 160 4व्ही किंवा बजाज पल्सर एन160 पाहावी. पल्सरचे सुटे भाग आणि तिचे मेकॅनिक आपल्या पट्ट्यात पावलोपावली आहेत, आणि पाळीच्या नोकरीला हे फार उपयोगाचे ठरते. स्पोकची चाके आणि ट्यूबचे टायर असलेली हीरो एक्सपल्ससारखी उंच गाडी खड्ड्यांवर अप्रतिम चालते, पण रात्री दोन वाजता पंक्चर झाली तर चाक खोलून ट्यूब काढावी लागते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला तरी हवा सावकाश जाते आणि घरी पोहोचता येते. आपल्या वेळा पाहता मी ट्यूबलेसच घेईन.

प्रश्न : शहरात रोज 25 किलोमीटर फिरणे होते. मजा हवी असेल तर इलेक्ट्रिक दुचाकीचा विचार करावा की ती केवळ बचतीची गोष्ट आहे? मी पुण्यात औंधला सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो.

उत्तर : अवश्य विचार करावा. विजेच्या मोटरला पूर्ण ओढ अगदी पहिल्या फेरीपासून मिळते, त्यामुळे सिग्नल सुटल्यावरच्या पहिल्या तीस-चाळीस मीटरमध्ये चांगली इलेक्ट्रिक स्कूटर बऱ्याच पेट्रोल मोटारसायकलींना मागे टाकते. क्लच नाही, उष्णता नाही, थरथर नाही. एथर 450एक्ससारखी सुमारे 110 किलोची स्कूटर गर्दीत चालवणे हा खरा आनंद आहे, हे मी पेट्रोलच्या गाड्यांवर प्रेम करणारा माणूस असूनही लिहितो. एक खबरदारी अशी की कागदावरील मोटरच्या टॉर्कचा आकडा पेट्रोल इंजिनाच्या आकड्याशी थेट ताडून पाहू नये. दोन्हींची गिअरची रचना वेगळी असल्यामुळे चाकापर्यंत पोहोचणारे बळ त्या आकड्यांवरून कळत नाही. येथेही गर्दीतील चाचणी हाच मार्ग आहे.

गिअर टाकण्याची सवय आणि आवड असणाऱ्यांना मात्र यात काहीतरी हरवल्यासारखे वाटते. आपण त्यांच्यापैकी आहात का, हे एका तासाच्या चाचणीत समजेल. 25 किलोमीटरच्या फेरीसाठी चार्जिंग दोन-तीन दिवसांतून एकदा पुरते, म्हणजे पल्ल्याची चिंता आपल्याला नाही. आपला प्रश्न तिसऱ्या मजल्याचा आहे. बॅटरी काढून घरी नेता येणाऱ्या गाड्या मिळतात, पण ती बॅटरी जड असते आणि रोज जिना चढवणे काही आठवड्यांतच नकोसे होते. म्हणून आपल्या मीटरवरून वाहनतळापर्यंत स्वतंत्र वायर व अर्थिंगसह चार्जिंग पॉइंट बसवण्याची लेखी परवानगी सोसायटीच्या व्यवस्थापक समितीकडून आधी घ्यावी, परवानाधारक वायरमनकडून खर्चाचा अंदाज घ्यावा, आणि हे दोन्ही कागद हाती आल्यावरच शोरूममध्ये आगाऊ रक्कम भरावी.